उडून जाणारा रस्ता

पाणंदीवर मुरूम पडून दोन उन्हाळे सरले की गावात एक प्रश्न हमखास निघतो: एवढा मुरूम गेला कुठे? बोटं ठेकेदाराकडे वळतात, आणि ती दर वेळी चुकीच्याच दिशेला वळतात असं नाही. पण ठेकेदाराने एक पाटीही कमी टाकली नाही असं धरून हिशेब करून पाहू. वाहतूक बरी असलेल्या मुरमाच्या रस्त्याचा थर वर्षाला साधारण एक ते तीन सेंटिमीटर झिजतो. मधला आकडा, दोन सेंटिमीटर, घ्या. रस्ता पावणेचार मीटर रुंद आणि एक किलोमीटर लांब असेल, तर वर्षाकाठी ७५ घनमीटर माल जातो. म्हणजे सव्वीस-सत्तावीस ब्रास. एका ट्रॉलीत एक ब्रास धरला तर तितक्याच ट्रॉल्या. यातला काही पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्याला लागतो, काही चाकांनी कडेला ढकलला जातो. उरलेला मात्र कापसाच्या बोंडांवर, घरांच्या कौलांवर, शाळेच्या खिडक्यांच्या गजांवर आणि माणसांच्या छातीत जाऊन बसतो. उन्हाळ्यात ट्रॅक्टरमागे उठतो तो फुफाटा म्हणजे रस्त्यावरची घाण नव्हे. तो रस्ताच आहे.

ही गोष्ट एकदा मान्य केली की धुळीचा प्रश्न वेगळा दिसू लागतो. धूळ कशी बसवायची हे विचारण्याआधी ती सुटलीच का, हे विचारावं लागतं.

चांगल्या मुरमात तीन गोष्टी असतात. पहिली म्हणजे खडा, जो भार पेलतो. दुसरी वाळूएवढी भरड, जी खड्यांमधल्या फटी भरते. आणि तिसरी बारीक माती, जी या दोघांना धरून ठेवते. ही बारीक माती म्हणजे ७५ मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या तेरा-चौदाव्या हिश्शाच्या चाळणीतून जाणारा भाग. डांबर न टाकता तसाच वापरायच्या रस्त्याच्या वरच्या थरात तो साधारण ८ ते १५ टक्के असावा, आणि त्याला थोडा चिकटपणा असावा. कमी पडला तर खडा सुटा होतो आणि चाकाखालून गोट्यांसारखा निसटतो. जास्त झाला तर पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात धुरळा. सगळी मेख इथे आहे. रस्ता बांधून ठेवणारी माती आणि उडणारी माती एकच. ओलावा आणि दाब आहे तोवर ती बांधते; ते गेले की उडते. त्यामुळे ‘धूळ नको म्हणून मातीच नको’ असं म्हणणाऱ्याचा रस्ता वर्षभरात उखडतो.

खाणीवरून मुरूम उचलण्याआधी तो तपासायला प्रयोगशाळाच लागते असं नाही. काचेच्या सरळ बरणीत एक तृतीयांश मुरूम घ्यायचा, वर पाणी ओतायचं, जोरात हलवायचं आणि ठेवून द्यायचं. खडा आणि वाळू मिनिटभरात तळाला जातात. पोयटा काही तासांत बसतो. खरी चिकण माती दुसऱ्या दिवशीही पाण्यात गढूळपणा धरून असते. थरांची उंची पट्टीने मोजली की माल कुठल्या जातीचा आहे याचा अंदाज येतो. अंदाजच, पण खाणमालकाच्या शब्दापेक्षा बरा. नुसता पोयटाच जाड निघाला आणि चिकण काहीच नसेल तर तो मुरूम नाकारावा. पोयट्याला चिकटपणा नसतो, त्याचा कण मात्र उडण्याइतका बारीक असतो. दोन्हींतलं वाईट तेवढं त्यात एकवटलेलं असतं.

सुटलेला कण किती वेळ हवेत राहतो हे त्याच्या आकारावर ठरतं, आणि त्यातला फरक थक्क करणारा आहे. स्थिर हवेत, माणसाच्या तोंडाच्या उंचीवरून, ७५ मायक्रॉनचा मातीचा कण चारेक सेकंदांत जमिनीवर येतो. १० मायक्रॉनच्या कणाला तीन मिनिटं लागतात. अडीच मायक्रॉनच्या कणाला पाऊण तासाहून अधिक. आणि पाणंदीवरची हवा स्थिर कधीच नसते. म्हणजे ट्रॅक्टर गेल्यावर पदर नाकाला लावून दोन मिनिटं थांबणारी बाई जे टाळते ती भरड धूळ. फुप्फुसात खोल जाणारी बारीक धूळ ती पदर काढल्यावर घेते. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये मुक्त सिलिका कमी असते, हे आपलं त्यातल्या त्यात नशीब. ग्रॅनाइट-नाइसच्या किंवा वाळूखडकाच्या पट्ट्यात ती सूटही मिळत नाही.

पिकांनाही हा थर मानवत नाही. पानांची छिद्रं बुजतात हे आपण शाळेत शिकलो. शेतकऱ्याला जास्त महाग पडतो तो दुसरा परिणाम: धुळकट पानांवर कोळी किडीला फावतं, कारण तिला खाणारे मित्रकीटक धुळीत नीट काम करू शकत नाहीत. द्राक्षबागेच्या रस्त्याकडच्या ओळींवर कोळीचा उपद्रव आधी दिसतो तो यामुळे. मग फवारणीचा खर्च वाढतो, आणि तो रस्त्याच्या अंदाजपत्रकात कुठेच लागत नाही.

धुळीने एकदा सगळ्या युरोपला हैराण केलं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जॉन लाउडन मॅकॅडम या स्कॉटिश माणसाने फोडलेल्या खडीचे थर दाबून रस्ते करायची पद्धत रुळवली. घोड्यांचे नाल आणि बैलगाड्या-बग्ग्यांच्या लोखंडी धावा खडी किंचित भरडत, ती भुकटी पावसात फटींमध्ये जाऊन बसे आणि रस्ता आणखी घट्ट होई. वाहतूकच रस्त्याची डागडुजी करत होती म्हणा ना. मग मोटार आली. रबरी टायर खडी भरडत नाही. तो फिरताना पृष्ठभाग मागे खेचतो, आणि वेगात जाणाऱ्या गाडीमागे जो कमी दाबाचा पट्टा तयार होतो तो सुटलेली भुकटी वर उचलतो. शंभर वर्षांत कमावलेली बांधणी काही वर्षांत हवेत गेली. रिव्हिएराच्या किनाऱ्यावर श्रीमंतांच्या मोटारी सर्वांत जास्त, म्हणून बोंबही तिथेच मोठी झाली. मोनॅकोचा राजा पहिला आल्बेर याच्या सांगण्यावरून गुग्लिएल्मिनेत्ती नावाच्या स्विस डॉक्टरने १९०२ साली तिथल्या रस्त्यावर गरम डांबर पसरून पाहिलं. प्रयोग यशस्वी झाला आणि लोक त्याला ‘डॉक्टर डांबर’ म्हणू लागले. रस्त्यांचा हा इलाज अभियंत्याने नव्हे, छातीच्या तक्रारी ऐकणाऱ्या वैद्याने पुढे आणला, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. १९०८ साली पॅरिसला पहिली आंतरराष्ट्रीय रस्ते परिषद भरली, ती मोटारींसाठी रस्ते कसे बदलायचे यावर. धूळ तिथला एक मोठा विषय होता.

आता आपल्याकडे या. खडीकरण म्हणजे वॉटर बाउंड मॅकॅडम, म्हणजे तीच मॅकॅडमची पद्धत: खडीचा थर, वर मुरमाची भर, पाणी, रोलर. कागदावर ती डांबरीकरणाची पहिली पायरी असते. प्रत्यक्षात दुसऱ्या पायरीचा निधी यायला चार-पाच वर्षं जातात, आणि तोवर तो थर उघडाच ट्रॅक्टर, टँकर आणि उसाच्या गाड्या अंगावर घेतो. मुरूम उडतो, खडी नागडी होते, मग सुटते. निधी येतो तेव्हा डांबर टाकायला खाली धड काही उरलेलं नसतं आणि खडीकरणाचं काम पुन्हा काढलं जातं. १९७२च्या दुष्काळात कितीतरी गावरस्ते कामावरच्या माणसांनी हाताने केले. त्यांतले जे मातीचेच राहिले, त्यांतल्या पुष्कळांचं पुढच्या पावसाळ्यांनी काय केलं ते त्या पिढीला आठवत असेल. २०२१ नंतर मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेतून शेतरस्त्यांना आणि पाणंदींना पुन्हा चालना मिळाली, हे चांगलंच आहे. पण रस्ता करणं आणि रस्ता टिकवणं ही दोन कामं आहेत, आणि फीत पहिल्याचीच कापली जाते.

टिकवायचं तर पहिली लढाई पाण्याशी. हे ऐकायला उलटं वाटेल, कारण धूळ कोरड्यात उडते. पण पावसाळ्यात जो रस्ता पाणी धरून बसतो, त्याचीच बांधणी चाकाखाली कालवली जाते. थंडीत तो चिखल वाळतो आणि उन्हाळ्यात पीठ होऊन उडतो. म्हणून रस्त्याची पाठ उंच हवी. डांबरी रस्त्याला मीटरमागे दोन-अडीच सेंटिमीटर ढाळ पुरतो. मुरमाच्या ग्रामीण रस्त्याला साडेतीन-चार लागतो, निव्वळ मातीच्या रस्त्याला चार-पाच. पावणेचार मीटर रुंदीच्या रस्त्यावर मधोमध उभं राहिलं तर दोन्ही कडा सातएक सेंटिमीटर खाली असल्या पाहिजेत. ही उंची डोळ्यांना दिसते. दिसत नसेल तर ती नाही. आणि कडेला चर नसेल तर या ढाळाचाही उपयोग नाही. पिढ्यान्‌पिढ्या झिजून आजूबाजूच्या शेतांपेक्षा खाली गेलेल्या पाणंदीचा पावसाळ्यात ओढा होतो, तिथे आधी भराव, मग मोरी, मग मुरूम असाच क्रम लावावा लागतो. चर बुजवून बांध रस्त्यात सरकवणारे शेजारी हा वेगळा विषय. त्यावर तहसीलदारच बोलोत.

दुसरी लढाई दबाईची. मातीत पाणी फार कमी असलं तर कण एकमेकांवर सरकत नाहीत, फार जास्त असलं तर पाणीच जागा अडवतं. मधल्या एका ठरावीक ओलाव्यावर ती सर्वांत घट्ट बसते. लॉस एंजेलिसला धरणांच्या मातीकामावर असलेल्या राल्फ प्रॉक्टर या अभियंत्याने १९३३ साली हे मोजून दाखवलं, आणि आजही मातीची दबाई त्याच्याच नावाच्या चाचणीने तपासतात. शेतावरची खूण सोपी आहे: ओला मुरूम मुठीत आवळला तर गोळा झाला पाहिजे, पण तळहात ओला होता कामा नये, तो गोळा खाली टाकला तर दोन-चार तुकडे व्हावेत, भुगा होऊ नये. आपल्याकडे बहुतेक वेळा रोलर कोरड्या ढिगावर फिरतो. पाण्याचा टँकर बिलात असतो, रस्त्यावर नसतो. तेवढ्या एका कारणाने पहिल्याच उन्हाळ्यात उडालेले रस्ते थोडेथोडके नसावेत.

मराठवाडा, विदर्भ, पश्चिम महाराष्ट्रातला बराचसा भाग इथे आणखी एक अडचण मुरमाच्या खाली असते. काळी माती. तिच्यातली चिकण खनिजं पाणी पिऊन फुगतात आणि उन्हात आकसून हातभर भेगा पाडतात. तिच्यावर कितीही चांगला मुरूम टाका, पावसाळ्यात तो खाली रुततो आणि काळी माती वर येते. मग उन्हाळ्यात उडतं ते या दोघांचं मिश्रण. यावरचा जुना आणि खात्रीचा उपाय म्हणजे चुना. विरवलेला चुना काळ्या मातीत मिसळला की त्यातलं कॅल्शियम मातीच्या पापुद्र्यांना चिकटलेल्या सोडियमची जागा घेतं, पापुद्रे गोळा होतात, माती काही तासांतच चिकट न राहता भुसभुशीत होते. पुढे महिनोन्‌महिने चुना आणि मातीतली सिलिका यांच्यात सिमेंटसारखी प्रक्रिया चालते आणि थर कठीण होत जातो. प्रमाण मातीच्या कोरड्या वजनाच्या ३ ते ८ टक्के. एका किलोमीटरवर पंधरा सेंटिमीटरचा थर ४ टक्क्यांनी सुधारायचा तर तीसेक टन चुना लागेल. रक्कम कमी नाही, पण दर दोन वर्षांनी पुन्हा मुरूम टाकण्याच्या खर्चाशेजारी ठेवून पाहावी. चुन्याबरोबर औष्णिक केंद्राची राखही चालते. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, पारस, परळी, भुसावळ: राखेचे डोंगर नेमके काळ्या मातीच्या मुलखात किंवा त्याच्या काठावर उभे आहेत. मिसळायला मोठं यंत्रच हवं असं नाही, ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर छोट्या कामाला पुरतो. चुना हाताळणाऱ्याला चष्मा आणि हातमोजे मात्र हवेतच. डोळ्यात गेलेला चुना माफ करत नाही.

एवढं करूनही रस्त्यावर काही महिन्यांत आडव्या लाटा उठतात, गाडी पन्हाळी पत्र्यावरून जावी तशी थडथडते. याचा दोष लोक गाडीच्या स्प्रिंगांना किंवा इंजिनाला देतात. २००७ साली तीन भौतिकशास्त्रज्ञांनी गोल फिरणाऱ्या टेबलावर वाळू पसरून तिच्यावर एक साधं चाक सोडलं. ना स्प्रिंग, ना इंजिन. तरी लाटा उठल्या. वाळूऐवजी तांदूळ घेतले तरीही उठल्या. एका ठरावीक वेगाच्या खाली मात्र पृष्ठभाग सपाट राहिला. गंमत अशी, की खऱ्या गाडीसाठी तो वेग ताशी आठेक किलोमीटर निघतो. म्हणजे बैलगाडी लाटांच्या या भानगडीपासून सुटलेली आहे, बाकी कुणीच नाही. सुट्या, बांधणी नसलेल्या खड्यावर लाटा लवकर धरतात, म्हणून पुन्हा गोष्ट त्याच बारीक मातीपाशी येते. वेग आठवर आणणं अशक्य, पण साठाचा तीस करणं शक्य आहे. वस्तीपाशी वेग निम्मा केला तर धूळ निम्मी किंवा त्याहूनही कमी होते. यासाठी निधी लागत नाही. गतिरोधक आणि सरपंचाचा आवाज पुरतो.

आता शिंपडायच्या गोष्टी. सगळ्यांत सोपं पाणी. मंत्र्यांचा दौरा असला की टँकर फिरतो तो यासाठीच. चौरस मीटरला एक लिटर म्हणजे एक मिलिमीटर पाणी. किलोमीटरला पावणेचार हजार लिटर. विदर्भात मे महिन्यात उघड्या पाण्याचं बाष्पीभवन दिवसाला दहा मिलिमीटरच्या पुढे जातं, आणि त्यातलं बरंचसं दुपारीच. म्हणजे ताफा गेल्यावर तास-दोन तासांत रस्ता पुन्हा होता तसा. वणी-चंद्रपूरच्या कोळसाखाणींत टँकर दिवसभर फेऱ्या मारतात, तिथे पर्याय नाही. पण जिथे प्यायचं पाणीच टँकरने येतं त्या गावात रस्त्यावर पाणी ओतायची हिंमत कुणी करू नये.

म्हणून हवेतलाच ओलावा ओढून घेणारे क्षार वापरतात: कॅल्शियम क्लोराइड आणि मॅग्नेशियम क्लोराइड. दुसरा तर मिठागरांच्या उरल्या पाण्यातून निघतो. कच्छच्या छोट्या रणाच्या काठी खाराघोड्याला तो तयार होतो. अमेरिका-कॅनडाच्या खेड्यांत हे क्षार सर्रास शिंपडतात. आपल्याकडे मात्र हिशेब वेगळा पडतो. हवेतली आर्द्रता तीसेक टक्क्यांच्या खाली गेली की यांचं ओलावा ओढणं थांबतं, आणि नागपूर-चंद्रपूरच्या एप्रिल-मेच्या दुपारी ती त्याहून खाली असते. कोकणात आर्द्रता भरपूर, पण तीन मीटर पाऊस ते पहिल्याच महिन्यात धुऊन नेतो, आणि धुतलेला क्षार जातो शेजारच्या विहिरीत नि काजूच्या मुळाशी. शिवाय गाड्यांचे पत्रे गंजतात. देशावर दिवाळी ते फेब्रुवारी, म्हणजे ऊसतोडीच्या हंगामात, त्यांचा काही उपयोग होऊ शकेल. त्यापलीकडे मला ते आपल्या हवेसाठी बनलेले वाटत नाहीत. कागद कारखान्यांतलं लिग्निन आणि साखर कारखान्यांतली मळीही मातीला धरते, पहिल्या जोरदार पावसापर्यंत. मळीला आता इथेनॉलचा भाव आहे, त्यामुळे ती रस्त्यावर येण्याचा प्रश्न फारसा उरलेला नाही. एन्झाइम आणि पॉलिमरच्या बाटल्या विकणारेही फिरतात. त्यांतल्या काही गोष्टी काही मातींत काम करतात, पण जो विक्रेता तुमची माती न तपासता मात्रा सांगतो त्याला चहा पाजून परत पाठवावा.

आणि जळकं तेल. गॅरेजबाहेर, वीटभट्टीच्या वाटेवर ते शिंपडलेलं आजही दिसतं. ते शिंपडणाऱ्यांनी टाइम्स बीचची हकिगत ऐकावी. अमेरिकेत मिसुरी राज्यात, सेंट लुईसजवळ मेरामेक नदीकाठचं हे दोनेक हजार वस्तीचं गाव. रस्ते मातीचे, धूळ फार, डांबराला पैसे नाहीत. म्हणून १९७२ ते १९७६ या काळात टाकाऊ तेल गोळा करणाऱ्या एका माणसाकडून गावाने रस्त्यांवर तेल मारून घेतलं. त्या तेलात त्याने एका रसायन कारखान्याचा गाळ मिसळलेला होता, आणि गाळात होतं डायॉक्सिन. त्याआधी १९७१ साली त्याने घोड्यांच्या रिंगणांत हेच तेल शिंपडलं होतं, तेव्हा पक्षी मेले होते, घोडे मेले होते. गावाला खरं कळायला १९८२चा डिसेंबर उजाडला. नेमका त्याच महिन्यात नदीला महापूर आला, आणि घरं सोडून गेलेल्यांना आरोग्य खात्याने सांगितलं की परत येऊ नका. १९८३ साली सरकारने अख्खं गाव विकत घेतलं, १९८५ मध्ये ते कागदोपत्रीही संपलं. विषारी माती जाळायला तिथे भट्टी उभारली, ती १९९६-९७ मध्ये चालली. आज त्या जागी उद्यान आहे. जळक्या इंजिन तेलात दर वेळी डायॉक्सिन असतं असं नाही, पण जड धातू आणि कर्करोगकारक संयुगं असतातच, आणि त्या डब्यात आणखी कुणी काय ओतलं हे शिंपडणाऱ्याला माहीत नसतं.

डांबर झालं की प्रश्न मिटतो असंही नाही. गोव्यात सांगे, केपे, उसगावच्या बाजूला खनिजाचे ट्रक धावत तेव्हा रस्ते डांबरीच होते. धूळ ट्रकांतून सांडलेल्या खनिजाची होती. ताडपत्री न बांधलेला हौदा कुठल्याही रस्त्याला मातीचा करू शकतो.

देखभालीचं काम खरं तर वर्षातून एकदाच, पण वेळेवर व्हायला हवं. परतीचा पाऊस ओसरला की रस्ता पंधरा दिवस ओलसर असतो. त्या काळात कडेला जमलेल्या मुरमाच्या ओळी ट्रॅक्टरच्या पात्याने मधोमध ओढून घ्यायच्या, कारण चाकांनी ढकललेला खडा आणि बरीचशी बारीक माती तिथेच साठलेली असते. त्यातलं गवत काढायचं, पाठ पुन्हा उंच करायची, रोलर मिळाला तर रोलर, नाही तर भरलेल्या ट्रॉल्या कडेकडेने फिरवायच्या. चर मोकळा करायचा. नोव्हेंबरात उसाच्या गाड्या सुरू होण्याआधी हे झालं तर वर म्हटलेल्या सव्वीस ब्रासांतला निदान काही भाग रस्त्यावर राहतो. पातं असलेले ट्रॅक्टर आता बहुतेक गावांत आहेत. डिझेलचा खर्च ग्रामपंचायतीने कुठल्या लेखाशीर्षात दाखवायचा, एवढाच पेच उरतो.